मोजल्याशिवाय ब्रेकचा निकाल नाही

शिरूर आणि दौंड तालुक्यांत मोटारीच्या झिजलेल्या ब्रेकविषयी जे मत गॅरेजपासून चावडीपर्यंत सर्वमान्य झाले आहे, ते थोडक्यात असे: ब्रेक लागतात तोवर त्यांना हात लावू नये, चाकातून कर्कश आवाज येऊ लागला की पॅड बदलावेत, डिस्क लोखंडाची असल्यामुळे तिला काही होत नाही आणि चरे पडलेच तर लेथवर टर्निंग मारून ती पुन्हा बसवावी, शिवाय आपला मुलूख सपाट असल्याने घाटातल्या गाड्यांसारखी काळजी इथे करण्याचे कारण नाही. या मताचा अनुभव घेऊन विटलेला गाडीमालक मग दुसऱ्या टोकाला जातो आणि ‘पॅड बदलायचे तर डिस्कही बदलून टाका, म्हणजे डोक्याला ताप नाही’ असे सांगणाऱ्याच्या स्वाधीन होतो. ही दोन्ही मते परस्परविरोधी दिसत असली तरी त्यांचे मूळ एकच आहे, कारण दोन्ही न मोजता ठरवतात. ज्या भागावर घरातल्या पाच माणसांचा जीव अवलंबून असतो त्याचा निकाल कानाने, सवयीने किंवा कंटाळ्याने लावणे ही बेफिकिरी आहे, आणि तिच्या समर्थनार्थ दिली जाणारी कारणे एकेक करून तपासली तर त्यांतले एकही टिकत नाही.

प्रथम संबंधित भाग स्पष्ट केले पाहिजेत. आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. डिस्क म्हणजे चाकाच्या हबवर बसवलेली आणि चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी. कंपन्यांच्या पुस्तिकांत तिलाच रोटर म्हणतात. या तबकडीला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारी पकड म्हणजे कॅलिपर, आणि कॅलिपरच्या आत तबकडीच्या दोन अंगांना असलेल्या, पोलादी पाठीवर घर्षणद्रव्याचा थर चिकटवलेल्या दोन वड्या म्हणजे ब्रेक पॅड. पायाने पेडल दाबले की नळीतील ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरमधील पिस्टनवर पडतो, पिस्टन पॅडला डिस्कवर दाबतो आणि गाडीची गतिज ऊर्जा, म्हणजे वेगामुळे तिच्यात साठलेली शक्ती, घर्षणातून उष्णतेत बदलते. ब्रेक मारताना गाडीचा भार पुढे झुकत असल्याने या कामाचा मोठा वाटा, साधारणपणे 70 टक्क्यांच्या आसपास, पुढच्या दोन डिस्क उचलतात. म्हणून पॅड हा घासून संपण्यासाठीच बनवलेला भाग असला, तरी डिस्क ही केवळ पॅडला टेकण्याची जागा नसते. निर्माण झालेली उष्णता पोटात घेऊन हवेत सोडणे हे तिचे मुख्य काम असते, आणि ते काम तिच्यात किती बीड शिल्लक आहे यावर ठरते.

या पार्श्वभूमीवर सपाट मुलखाचा दावा पाहावा. पाटसजवळच्या रोटी घाटासारखे चढउतार सोडले तर भीमा आणि घोड नद्यांच्या काठचा हा प्रदेश बव्हंशी सपाट आहे, हे खरे. परंतु ब्रेकवर पडणारे ओझे जसे उतारावर ठरते तसेच ते वेगावरही ठरते, आणि वेगाच्या बाबतीत हा मुलूख सौम्य नाही. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते आणि तिप्पट झाला की नऊपट. गावातल्या रस्त्यावर ताशी 30 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबवण्यासाठी जेवढी उष्णता पचवावी लागते, तिच्या नऊपट उष्णता तीच गाडी सोलापूर रस्त्यावर ताशी 90 वरून थांबवताना निर्माण होते. 1200 किलो वजनाची मोटार ताशी 100 किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबली तर सुमारे 460 किलोज्यूल उष्णता तयार होते. 25 अंशांचे दीड लिटर पाणी उकळीला आणण्यास एवढी उष्णता जवळपास पुरते, आणि ब्रेकना ती चार-पाच सेकंदांत सामावून घ्यावी लागते. नगर रस्त्यावर रांजणगाव सोडून वेग धरलेल्या गाडीला शिक्रापूरच्या चाकण चौकात कोंडी दिसली, किंवा यवत, चौफुला, वरवंड, पाटस, कुरकुंभ अशा गावांपाशी आडवी येणारी दुचाकी दिसली, की नेमके हेच घडते आणि दिवसातून अनेकदा घडते. त्यात साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालणाऱ्या उसाच्या हंगामात अंधारात पुढे जाणाऱ्या ट्रॉलीला अनेकदा लाल दिवाही नसतो आणि रिफ्लेक्टरही नसतो. ताशी 90 वेगाची गाडी उत्तम ब्रेकवर, कोरड्या रस्त्यावर, पाय पेडलवर पडल्यापासून सुमारे 40 मीटरांत थांबते. ब्रेकची पकड चतुर्थांशाने घटली तर तिलाच 53 मीटर लागतात. वाढलेले हे 13 मीटर ट्रॅक्टर आणि एक ट्रॉली मिळून व्यापतात त्या जागेहून अधिक आहेत. अशा रस्त्यांवर रोज धावणाऱ्या गाडीला सपाट मुलखाची सवलत कोणत्या हिशेबाने मिळते?

शिवाय सपाट मुलखातली गाडी सपाटीवरच राहते असेही नाही. तीच गाडी सुट्टीत भीमाशंकरला जाते आणि महाबळेश्वरलाही जाते. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना गाडी 500 मीटरहून अधिक खाली येते. माणसे आणि सामान धरून 1500 किलो भरणाऱ्या गाडीच्या बाबतीत या उताराने सुटणारी ऊर्जा ताशी 100 वेगावरून बारा वेळा थांबण्याइतकी असते. त्यातला काही भाग खालच्या गिअरमध्ये इंजिन सोसते आणि काही हवेचा विरोध सोसतो, पण उरलेला सगळा डिस्कच्याच वाट्याला येतो. वर्षभर सपाटीवर निभावून गेलेली पातळ डिस्क, संपत आलेले पॅड आणि वर्षानुवर्षे न बदललेले ब्रेक ऑइल यांची परीक्षा त्या एका उतारावर होते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ताज्या डॉट 4 प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू मानकानुसार किमान 230 अंश असावा लागतो, तर ओलावा शोषलेल्या अवस्थेसाठी हीच किमान मर्यादा 155 अंशांवर येते. पॅडचा थर जितका पातळ तितकी उष्णता पिस्टनमार्गे ऑइलपर्यंत लवकर पोहोचते, ऑइल उकळून नळीत वाफेचे बुडबुडे झाले की दाब त्यांना चेपण्यातच खर्ची पडतो आणि पेडल थेट तळाला जाते. ‘आपल्याकडे घाट नाही’ हे वाक्य त्या क्षणी कोणाला वाचवणार आहे?

दुसरा दावा ‘ब्रेक लागतात, म्हणजे चांगले आहेत’ असा असून तो सर्वांत सुशिक्षित माणसेही करतात. या दाव्यामागे जुन्या पिढीचा खरा अनुभव आहे, पण तो आजच्या यंत्रणेला लागू पडत नाही. सर्व चाकांना ड्रम असलेल्या जुन्या जीपगाड्यांत लायनर, म्हणजे ब्रेक शूवरील घर्षणपट्टी, झिजू लागली की पेडल हळूहळू खाली जाई, चालकाला ते पायाला जाणवे आणि मिस्त्री चाकामागून ॲडजस्टमेंट देऊन अंतर भरून काढी. डिस्क ब्रेकमध्ये ही व्यवस्था आपोआप होते. पिस्टनभोवतीचे रबरी सील दाबाबरोबर किंचित पिळते आणि पाय उचलला की तेवढेच मागे फिरते. पॅड जितका झिजला असेल तितका पिस्टन सीलमधून पुढे सरकून राहतो, आणि त्यामुळे पॅड दहा मिलिमीटरचा असो वा दोन मिलिमीटरचा, पेडल जवळपास त्याच उंचीवर लागते. म्हणजे पायाला मिळणारी खबर यंत्रणेनेच बंद केलेली आहे. झिजेची खूण उमटते ती बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीत, कारण पुढे सरकलेल्या पिस्टनमागची पोकळी भरण्यासाठी ऑइल खाली उतरते. परंतु सर्व्हिसिंगच्या वेळी ‘ऑइल कमी होते, भरून दिले’ म्हणून कोणीतरी पातळी वर आणतो आणि उरलेली एकमेव खूणही पुसली जाते. गळती नसताना ऑइल का उतरले, हा प्रश्न ज्या गॅरेजमध्ये विचारला जात नाही, तेथे ‘ब्रेक लागतात’ या उत्तराला काय अर्थ उरतो? गाडीत एबीएस आहे हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही, कारण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढेच त्याचे काम. संपलेल्या पॅडला ते घर्षण देत नाही आणि पातळ डिस्कला बीड देत नाही.

तिसरा दावा आवाजाचा. अनेक पॅडना पोलादी पत्र्याची एक लहान जीभ जोडलेली असते आणि थर ठरावीक मर्यादेपर्यंत झिजला की ती डिस्कला घासून किंचाळते, हे खरे. पण हा इशारा म्हणजे झिजेचे माप नव्हे. ही जीभ पुष्कळदा चाकाच्या दोन पॅडपैकी एकावरच असते, स्वस्तातल्या पॅडना ती कित्येकदा नसतेच, आणि असली तरी ती ज्या पॅडवर आहे त्याचीच झीज सांगते. इथे एक गोष्ट फार बारकाईने पाहिली पाहिजे. सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो आणि कॅलिपर दोन पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. या पिनांवरचे रबरी बूट फाटले, त्यांत शेतरस्त्याची माती आणि पावसाचे पाणी शिरले आणि ग्रीस सुकले की कॅलिपर सरकत नाही. मग सगळा भार आतल्या पॅडवर येतो आणि तो पोलादी पाठीपर्यंत खाल्ला जात असताना बाहेरचा पॅड अर्धा शिल्लक दिसतो. चाकाच्या फटीतून डोकावून ‘पॅड आहेत अजून’ असे सांगणारा माणूस बाहेरचा पॅड पाहून बोलत असतो. आवाजाची वाट पाहणाऱ्याला शेवटी जो आवाज ऐकू येतो तो जिभेचा नसून पोलादी पाठ डिस्कवर खरडल्याचा असतो, आणि तोवर पॅडबरोबर डिस्कही गेलेली असते. उलट पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर चढलेल्या तांबूस गंजाचाही सकाळी आवाज होतो आणि चार-सहा वेळा ब्रेक मारल्यावर तो जातो. त्या आवाजाने घाबरून चांगले पॅड फेकून देणारेही आहेतच. जो साक्षीदार दोषी असताना गप्प राहतो आणि निर्दोष असताना ओरडतो, त्याच्या साक्षीवर निकाल कसा द्यायचा?

चौथा दावा, ‘डिस्कला काय होते, लोखंड आहे’, हा सर्वांत घातक आहे. डिस्क करड्या बिडाची असते आणि ती पॅडइतक्या वेगाने नसली तरी निश्चितपणे झिजते. म्हणूनच प्रत्येक डिस्कला एक किमान जाडी ठरवून दिलेली असते आणि तो आकडा सहसा डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर कोरलेला वा ओतलेला असतो. नवी असताना 22 मिलिमीटर असलेल्या एखाद्या डिस्कची किमान मर्यादा 20 असेल, तर तिचे सगळे आयुष्य त्या दोन मिलिमीटरांत सामावलेले आहे. दोन मिलिमीटर म्हणजे बावीसातले फक्त दोन, असा युक्तिवाद केला जातो आणि तो चुकीचा आहे, कारण पुढच्या चाकांच्या बहुतेक डिस्क हवेशीर असतात, म्हणजे दोन पातळ तबकड्या आणि त्यांच्यामध्ये हवा खेळण्यासाठी पोकळी अशी त्यांची रचना असते. पोकळी आठ मिलिमीटरची धरली तर प्रत्यक्ष बीड चौदाच मिलिमीटर उरते आणि दोन मिलिमीटरची झीज म्हणजे उष्णता पेलणाऱ्या धातूचा सातवा हिस्सा गेला असा हिशेब होतो. तेवढ्याने डिस्क त्याच ब्रेकिंगला अधिक तापते, अधिक तापल्याने तिच्यावर केसासारख्या भेगा उमटू लागतात, आणि त्यांतली एखादी भेग कडेपर्यंत पोहोचली तर ती डिस्क त्याच क्षणी बाद समजावी लागते. तिथे मापाचाही प्रश्न उरत नाही.

हे माप कसे घेतात हेही सांगितले पाहिजे, कारण जेथे ते घेतले जाते तेथेही पुष्कळदा चुकते. पॅड डिस्कच्या अगदी बाहेरच्या काठापर्यंत घासत नाही, त्यामुळे काठावर न झिजलेल्या बिडाची एक उभी कड राहते; बोट फिरवले तर ती पायरीसारखी लागते. साध्या व्हर्नियर कॅलिपरचे जबडे दोन्ही बाजूंच्या या कडांवर टेकतात आणि मधली डिस्क कितीही खचलेली असली तरी माप जवळपास नव्या डिस्कचे दाखवतात. म्हणून मायक्रोमीटर, म्हणजे स्क्रू फिरवून मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारे साधन, कडेपासून दहा-पंधरा मिलिमीटर आत धरून तबकडीच्या सभोवार निदान सात-आठ जागी जाडी घ्यावी लागते आणि त्यांतली सर्वांत कमी आलेली जाडी हीच डिस्कची जाडी मानावी लागते. या कामाला चाक खोलल्यानंतर पाच मिनिटेही लागत नाहीत.

टर्निंगचा प्रश्न याच मापाने सुटतो. डिस्कवरचे उथळ चरे हा दोष नाही. नवे पॅड त्यांच्याशी जुळवून घेतात. खोल चरे काढण्यासाठी लेथवर प्रत्येक बाजूचे 0.3 मिलिमीटर बीड काढले तर जाडी 0.6 मिलिमीटरने घटते, आणि 20.8 मिलिमीटरची डिस्क 20.2 वर येते. ती त्या दिवशी मर्यादेत असते, पण नव्या पॅडचे आयुष्य संपण्याच्या किती तरी आधी मर्यादेखाली जाते. वर सर्वसाधारण कामाच्या लेथवर डिस्क नीट केंद्रात न धरता दोन बाजू दोन वेळा कापल्या तर त्या समांतर राहत नाहीत, आणि चरे काढायला नेलेली डिस्क थरथर घेऊन परत येते. टर्निंगपूर्वी किती जाडी होती, नंतर किती राहिली आणि किमान किती हवी, हे तीन आकडे ज्याला सांगता येत नाहीत त्याने डिस्क लेथवर चढवू नये, आणि गाडीमालकाने ती चढवू देऊ नये.

आता दुसऱ्या टोकाचे मत. पॅडबरोबर डिस्क बदलणे हा सुरक्षिततेचा मार्ग आहे, असे सांगितले जाते आणि घाबरलेला माणूस ते मान्य करतो. डाव्या आणि उजव्या चाकाचे पॅड एकदम बदलले पाहिजेत, आणि डिस्क बदलायची झाली तर तीही दोन्ही बाजूंची एकदम, यात शंका नाही, कारण दोन बाजूंची पकड वेगळी झाली तर गाडी एका अंगाला ओढते. परंतु डावी-उजवी जोडी अटळ आहे म्हणून पॅड-डिस्कची जोडीही अटळ ठरत नाही. निर्णयाचे गणित सरळ आहे. समजा, 22 मिलिमीटरची डिस्क पहिला पॅडसंच संपेपर्यंत 21.2 झाली, म्हणजे एका संचामागे तिची झीज 0.8 मिलिमीटर आहे. दुसरा संच संपेल तेव्हा ती 20.4 होईल, म्हणजे 20 च्या मर्यादेत राहील. तेव्हा आज फक्त पॅड बदलणे पूर्णपणे सुरक्षित आहे आणि डिस्क फेकणे हा निव्वळ अपव्यय आहे. तिसऱ्या संचाच्या वेळी मात्र 20.4 ची डिस्क दिसायला ठणठणीत असली तरी ती वाटेत 20 च्या खाली जाणार हे आधीच ठरलेले आहे. तेव्हा पॅडबरोबर डिस्क बदलणेच योग्य. एकच गाडी, एकच गॅरेज, आणि दोन वेळचे बरोबर उत्तर परस्परांच्या उलट. ‘नेहमी बदला’ आणि ‘कधीच बदलू नका’ यांपैकी कोणते सूत्र ही दोन्ही उत्तरे देऊ शकते? जो मागचे माप लिहून ठेवतो त्याला उत्तर आकड्यात मिळते. जो ठेवत नाही त्याला दरवेळी दुसऱ्याच्या शब्दावर पैसे मोजावे लागतात.

ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरते, म्हणजे डिस्क वाकडी झाली आणि ती बदलली पाहिजे, हे निदानही याच पठडीतले आहे. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते. तिची जाडी सभोवार सारखी राहिलेली नसते, आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या दोन-तीन घरांचा फरकही पायाला आणि हाताला जाणवतो. तापलेल्या डिस्कवर गाडी उभी करून पेडल दाबून धरल्याने पॅडचे द्रव्य एका जागी चिकटते. हबच्या तोंडावर गंज वा माती राहिल्याने डिस्क किंचित तिरपी बसते, दर फेरीला एकाच जागी पॅडला घासते आणि काही हजार किलोमीटरांत तेथे पातळ होते. चाकाचे नट कमी-जास्त आवळल्यानेही तेच घडते. डिस्कचे हे डगमगणे डायल गेजने, म्हणजे टोक टेकवून फिरत्या पृष्ठभागाची बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या साधनाने, मोजता येते, आणि अनेक कंपन्या त्यासाठी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी मर्यादा देतात. हब साफ न करता बसवलेली नवीकोरी डिस्क काही महिन्यांत पुन्हा थरथरू लागते, आणि मग पार्टलाच दोष दिला जातो. कारण न शोधता भाग बदलणे याला दुरुस्ती म्हणता येईल काय? मागच्या ड्रमबाबतही न्याय हाच आहे: लायनरची जाडी पाहिली पाहिजे आणि ड्रमचा आतला व्यास त्यावर दिलेल्या कमाल मर्यादेशी ताडून पाहिला पाहिजे, कारण डिस्क झिजून पातळ होते तसा ड्रम झिजून रुंद होतो.

शेवटी अनुभवाचा आणि वेळेचा मुद्दा पुढे केला जातो. तीस वर्षे ब्रेक खोलणाऱ्या मिस्त्रीला मायक्रोमीटर कशाला, आणि गर्दीच्या गॅरेजमध्ये आठ जागी मापे घेत बसायला वेळ कोणाला? मिस्त्रीचा अनुभव कुठे पाहायचे हे सांगतो आणि त्याचे मोल मोठे आहे, पण 20.4 आणि 19.9 मधला फरक जगातल्या कोणत्याही बोटाला कळत नाही. साधनाच्या खर्चाची सबबही टिकत नाही, कारण साधा मायक्रोमीटर डिस्कच्या एका जोडीहून महाग नसतो आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. आणि हे सांगितले जाते ते कोणत्या मुलखात? ज्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाटचा मोटार कारखाना आहे, ज्या सणसवाडी-शिक्रापूरच्या पट्ट्यात यंत्रभागांचे काम चालते, तेथे आयटीआयमधून फिटर, टर्नर आणि मशिनिस्ट होऊन गेलेली इथलीच मुले मायक्रोमीटर आणि डायल गेज रोज हाताळतात, आणि मापात न बसलेला नग पुढे जाऊ देत नाहीत. ज्या दौंड जंक्शनवर गावाची कित्येक घरे उभी राहिली, त्या रेल्वेत डब्याच्या ब्रेक ब्लॉकला झिजेची मर्यादा ठरलेली असते आणि चाकांची झीज गेजने तपासली जाते. तेथे ‘लागतोय ना, मग राहू द्या’ हे उत्तर चालत नाही. कामावर शंभराव्या भागाचा काटेकोरपणा पाळणारा माणूस घरच्या गाडीच्या बाबतीत अंदाजावर समाधान मानतो, तेव्हा उणीव ज्ञानाची नसते आणि साधनांचीही नसते. ती आग्रहाची असते.

हा आग्रह गाडीमालकाने धरला नाही तर दुसरे कोणी धरणार नाही. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षे टिकते आणि तिच्या नूतनीकरणाच्या वेळीच गाडी तपासणीसाठी अधिकाऱ्यापुढे जाते. मधल्या काळात पीयूसीच्या निमित्ताने गाडीचा धूर तपासला जातो, डिस्कची जाडी कोणी पाहत नाही. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 190 मध्ये मात्र सदोष गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवणाऱ्याला जबाबदार धरताना केवळ त्याला माहीत असलेला दोषच विचारात घेतलेला नाही. साधारण काळजी घेतली असती तर जो दोष ध्यानात आला असता, तोही त्यात धरला आहे. ‘मला ठाऊक नव्हते’ हा बचाव कायद्याने आधीच मर्यादित केला आहे. पाच मिनिटांच्या मापाने कळणारी झीज साधारण काळजीत बसत नसेल, तर मग काय बसते?

तेव्हा झिजलेल्या ब्रेकपुढे उभे असताना पॅड बदलावेत की पॅड आणि डिस्क दोन्ही, या प्रश्नाचे उत्तर आवाजात नाही, किलोमीटरच्या आकड्यात नाही, मुलखाच्या सपाटीत नाही आणि कोणाच्या अधिकारवाणीतही नाही. ते चाक खोलून आतला आणि बाहेरचा असे दोन्ही पॅड पाहण्यात आहे. कॅलिपरच्या पिना सरकतात की नाही हे तपासण्यात आहे. डिस्कची जाडी सभोवार मोजून तिच्यावरच कोरलेल्या किमान आकड्याशी ताडण्यात आहे. आणि उरलेले बीड पुढच्या पॅडसंचाच्या शेवटापर्यंत पुरेल का, हा एकच हिशेब करण्यात आहे. पॅडचा थर दोन-तीन मिलिमीटरवर आला असेल तर पॅड बदलावेत. डिस्क मर्यादेत राहणार असेल तर ती ठेवावी, राहणार नसेल किंवा तडकली असेल तर ती जोडीने बदलावी. आणि दोन्ही वेळी घेतलेली मापे बिलावर लिहून घ्यावीत. शिरूरच्या किंवा दौंडच्या कोणत्याही गॅरेजमध्ये, मग ते झाडाखालचे असो वा काचेच्या दालनाचे, गाडीमालकाने ‘डिस्क किती उरली आहे आणि किती हवी?’ एवढे दोन आकडे मागावेत. ज्याच्याकडे हे दोन आकडे नाहीत त्याला पॅड राहू द्या म्हणण्याचा अधिकार नाही, आणि डिस्क बदला म्हणण्याचाही नाही.